ऑक्सिजनच्या बाटलीतलं शिळं पाणी

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथं ओततोय.

आई दोन दिवसांपासून आपल्या शहरात, गारखेडा भागातल्या एका दवाखान्यात ऑक्सिजनवर आहे. हा ऑक्सिजन भिंतीवरच्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडत, ओलसर होऊन मास्कमध्ये येतो. आज वॉर्डातल्या मावशींनी ती बाटली बेसिनच्या नळाखाली धरली आणि वरून भरली. तळाशी कालचं पाणी तसंच.

मी म्हणालो, "मावशी, नळाच्या पाण्यातले जंतू थेट फुफ्फुसात जातील. निर्जंतुक पाणी लागतं याला."

"बुडबुडे येतेत ना साहेब? मग झालं!"

सिस्टर म्हणाल्या, "सर, सगळीकडे असंच चालतं." संस्कृतात पाण्याला 'जीवन' म्हणतात, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. त्या बाटलीकडे बघून पहिल्यांदाच शंका आली.

तेवढ्यात आईनं मास्क बाजूला केला. "मावशे, घरी नळ आले की हंड्यातलं जुनं पाणी काय करतीस गं?"

"सांडून देते की. शिळं झालं ना ते!"

"मग मलाच शिळं व्हय?"

मावशी ओशाळून हसल्या. बाटली रिकामी झाली, धुतली गेली, आणि सिस्टरांनी कपाटातून निर्जंतुक पाणी काढलं. म्हणजे ते होतंच!

नळाची वाट बघत दिवस मोजणारं आपलं शहर. तरी घरात शिळं चालत नाही, आजाऱ्याच्या श्वासात मात्र चालतं. तुमच्या माणसाच्या बाटलीत कुठलं पाणी आहे, विचारलंत कधी? माझ्या 'निर्जंतुक'सारख्या संस्कृतावर विसंबू नका, सरळ 'शिळं आहे का?' म्हणा.