फ्रिजच्या दारातला खण

तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा घाटकोपरला आमच्या मजल्यावर फ्रिज एकच होता, आमचा. म्हणजे तो सगळ्यांचाच होता. मी जागा वाटून दिल्या होत्या. मधला कप्पा कोपऱ्यावरच्या घरातल्या मासळीच्या डब्याला, झाकण घट्ट असेल तरच. दारातला एक खण शेजारच्या मुलीला, तिच्या आईच्या गजऱ्यासाठी.

ही मुलगी कबड्डी खेळायची. वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. ते वॉचमनची रात्रपाळी करत. एका बँकेच्या महिला संघाची निवड होणार होती. निवड झाली की नोकरी पक्की.

एकदा फ्रिज पुसताना गजऱ्यामागे इंजेक्शनची बाटली दिसली. आतलं तेल गोठून गढूळ झालेलं. लेबल वाचलं, पुरुषी हार्मोनचं होतं, आणि तिला हाक मारली.

"अगं, हे इथे कशाला?"

"इंजेक्शन आहे ना, काकू. पोलिओचं औषध बर्फातच ठेवतात की!"

"हे फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं. आणि तू घ्यायचंही नसतं. कोणी दिलं?"

"व्यायामशाळेतल्या एकाने. हात भरतात, पकड सुटत नाही म्हणाला. अजून घेतलं नाहीये."

"आवाज घोगरा होईल. मिशा फुटतील."

"फुटू देत! बँकेत मिशीवालेच बसतात सगळे." ती हसली आणि मग खणातला गजरा सरळ करत म्हणाली, "काकू, तुमचा मुलगा बॅडमिंटन हरला की तुम्ही त्याला आइस्क्रीम देता. मी हरले तर बाबांची रात्रपाळी सुटत नाही."

खरंच होतं ते. तुमच्या बाबांनी असली बाटली कधी घरात आणली नाही, याचं श्रेय मी आमच्या संस्कारांना देत नाही. त्यांना तिची गरजच नव्हती.

मी म्हटलं, "ही परत कर. या खणात मी अंडी ठेवते. रोज खायची."

"फुकट नको."

"मग माझ्या आळशाला सकाळी उठवून पळवायला ने."

तिने बाटली नेली. परत केली की टोचून घेतली, ते मी विचारलं नाही. तुमचे बाबा मात्र रोज कुरकुरत पळून येऊ लागले.

निवडीच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला उभी होते. ती चढाईला गेली आणि मी डोळे मिटून तिचा दम ऐकला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... तोच जुना, शिट्टीसारखा बारीक आवाज. मला तेवढ्यानेच हायसं वाटलं.

त्या वर्षी तिला घेतलं नाही. ती रडली, दुसऱ्या दिवशी तुमच्या बाबांना उठवायला आली. पुढच्या वर्षी घेतलं.

नोकरी लागल्यावर काही महिन्यांनी दोन हमाल जिन्यावरून एक मोठं खोकं चढवत होते. मागून ती ओरडत होती, "अरे, हळू ना! तिरका करू नका!" आमच्या दारापाशी थांबून म्हणाली, "काकू, आमचा खण आता दुसऱ्या कोणाला द्या."

मी तो मासळीवाल्यांना दिला नाही. तिथे लिंबं ठेवली.