धुतलेली खोडं

झाडाची साल खरवडायला आलेल्या बाईला लोक आधी वेडी समजतात आणि मग चहा पाजतात. चहाला माझी हरकत नाही, पण तेच ते समजावून सांगायचा आता कंटाळा आलाय. हवेतली धूळ वर्षानुवर्षं सालीच्या खाचांत बसते आणि तिच्यातलं शिसं, जस्तही तिथेच राहतं. गावोगावची साल तपासली की धूळ कुठवर पोचते त्याचा नकाशा होतो. मी रत्नागिरीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सुट्टीच्या दिवशी या लष्कराच्या भाकऱ्या.

खेडकडे, कारखान्यांच्या पलीकडच्या एका वाडीला तर नकाशाची गरज माझ्यापेक्षा जास्त होती. ‘धूळ तुमच्यापर्यंत येतच नाही’ हे कारखानेवाल्यांकडून ऐकून ऐकून ती माणसं विटली होती. तिथल्या एका काकींचे यजमान धाप लागून खाटेला खिळलेले. आपल्या दारात धूळ पडते, एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, एवढंच काकींचं मागणं होतं. मी निरोप धाडला, शनिवारी झाडं बघायला येते.

पोचले तर वाडीतली यच्चयावत जुनी खोडं पुरुषभर उंचीपर्यंत गेरू-चुन्याने रंगवलेली. त्याआधी तारेच्या ब्रशने घासून धुतलेली. पाहुणे यायचे म्हटलं की आपल्याकडे अंगण सारवतात, दगडी गडग्यावरचं रान काढतात. ही पाहुणी झाडं बघणार होती, म्हणून झाडं. मला संताप आला, पण ओरडायचं कुणावर? सगळे कौतुकाच्या अपेक्षेने माझ्याकडे बघत होते.

काकींच्या दारातला आंबा तर सगळ्यांत चकचकीत. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हवी होती ती धूळच धुतली गेली.

“वरची साल घ्या की. शिडी आणत्ये.”

“सगळ्या गावांत छातीच्या उंचीवरचीच घेतलीय, काकी. इथे वरची घेतली तर उद्या कुणीही म्हणेल, मोजमापच खोटं.”

“मग परत कधी येशाल?”

“साल पुन्हा धरायला हवी, तिच्यावर धूळ बसायला हवी. दहाएक वर्षं तरी.”

काकींनी एकदा आत, खाटेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “ह्यांना नका सांगू. हा आंबा ह्यांनीच खाटेवरनं उठून घासलानी. मी नको म्हणत होत्ये. घटकाभर घासायचं नि बसायचं, असं करीत दोन दिस लागले.”

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. ती थांबल्यावर काकांनी विचारलं, “बाई, झाड बघितलंत काय?”

“बघितलं काका,” मी म्हटलं. “छान झालंय.”

“मग आता द्याल ना लिहून कागदावर?”

मी हो म्हटलं.