बाईच्या केसातलं पिवळं

त्या सकाळी मी आठ-दहा दिवसांनी कपाट उघडलं आणि बाई छताकडे बघत होती.

घाबरू नका. बाई चांदीची आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेचा डॉलर, एका बाजूला पंख पसरलेला गरुड, दुसऱ्या बाजूला हिचा मुखडा. केसांत धान्याच्या लोंब्या आणि कापसाची बोंडं खोवलेली. अशा सात बाया माझ्या कपाटात राहतात. अड्याळात कापडाचं दुकान चालवणाऱ्या माणसाने हे कायले जमवावं, असं बाजारातल्या प्रत्येकाने मला विचारून झालं आहे. मी उत्तर देत नाही, नाणं दाखवतो. टांकसाळीतून निघालं आणि कोणाच्या खिशात गेलंच नाही, असं नाणं उजेडात जरा तिरकं करा. उजेडाचा पट्टा त्याच्यावर गाडीच्या चाकासारखा गरगर फिरतो. मात्र एकदा कोणाचा अंगठा घासला की चाक अडतं, कायमचं. म्हणून नाणं कडेने धरायचं, पुसायचं नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही. पारदर्शक डबीत ठेवायचं आणि चावी कमरेच्या करगोट्याला बांधायची.

सातांपैकी सगळ्यात देखणी ही पहिलीच. नागपूरच्या एका नाणेवाल्याकडून आणली. सासरवाडीचा एक जुना चांदीचा रुपया माझ्याकडे ‘पाहायला’ आलेला होता, तो त्याला दिला आणि वर थोडे पैसे. असो.

तर बाई. मी तिला नेहमी अशी बसवतो की तिचं नाक कपाटाच्या कडीकडे राहावं. त्या सकाळी नाक वर होतं. मी डबी खिडकीशी नेली, तिरकी केली. चाक फिरलं, फिरलं, आणि गालावर येऊन अडलं.

मी भिंग काढलं. गालावर बारीक ओरखडे. आणि केसांच्या खाचांत, लोंब्यांच्या खाली, पिवळं! म्हणजे आत पितळ, वरून चांदीचा मुलामा. माझी खरी बाई कोणीतरी पळवली होती आणि तिच्या जागी ही तोतया बसवली होती.

कोणी, हे शोधायला मला एक चहासुद्धा लागला नाही. आदल्याच दिवशी माझा साळा दिघोरीहून आला होता. माझी बायको धान चुरायला, म्हणजे मळणीला, आठ दिवस माहेरी गेली होती, तिला परत पोचवायला. सोबत नव्या तांदळाचं पोतं. आणि एरवी तोंडाचा पट्टा न थांबवणारा हा माणूस काल माझ्याशी नजर मिळवत नव्हता. अजून मुक्कामाला होता. मी ओसरीवर गेलो आणि नाटकातल्या फौजदारासारखा त्याच्या समोर पाट ओढून बसलो.

“काय साळेबुवा, झोप लागली?”

“लागली ना भाऊजी.”

“मन साफ असलं म्हणजे लागते झोप.”

त्याने बशीतला चहा परत कपात ओतला. बशीतून कपात! इतका गडबडलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

“चांदीचा भाव लय वाढून राहिला म्हणतात,” मी म्हटलं.

“मले काय मालूम? मी धानवाला माणूस.” आणि तो बैल बघायला म्हणून उठला. आमच्याकडे बैल नाही.

आता पुरावा हवा होता. मी सोनाराकडे गेलो. त्याने डबी उघडली आणि सवयीने कसोटीचा दगड पुढे ओढला. मी असा ओरडलो की समोरचा पानठेलेवाला धावत आला.

“घासू नको! घासलं का मेली ते!”

“अजी सेठ, घासल्याबिना कसं समजन?”

हीच तर गंमत. खरी आहे का हे कळायला ती बिघडवावी लागणार, आणि बिघडली की खरी असून उपयोग काय? शेवटी मी वजनावर तडजोड केली. त्याने काट्यावर ठेवली. वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबर. मग त्याने तिच्या कडेच्या दात्यांतून चिमट्याने काहीतरी ओढून काढलं, उजेडात धरलं. मग बाईला नाकाशी नेलं आणि हसायला लागला.

“सेठ, चांदी एकदम असली हाय. हे पितळ नोहे. हळद हाय. आन् हे पाहा, धानाचं कूस.”

हळद आणि धानाचं कुसळ. मी तिथेच बसलो. चोर साळा नव्हता. चोर माझ्या घरात भाजीला फोडणी देत होता.

घरी येऊन मी डबी चुलीजवळच्या ओट्यावर ठेवली. साळा दारात उभा होता, न सापडलेल्या बैलासारखा.

“हळद कोणी लावली हिले?”

बायकोने झारा खाली ठेवला नाही. “मी लावली. धानाच्या राशीवर ठेवली होती. चार साल झाले, दरसाल नेतो. आणली का पुसून ठेवतो, अवंदा घाईत राह्यलं. तुमी आंघोळीले गेले का करगोटा खुंटीवर राह्यते.”

“अवं, पण हे राशीवर ठेवाची चीज हाय का?”

“काहून? डोक्यात धानाचे लोंब हायेत तिच्या. दुसऱ्या कोणत्या देवीच्या हायेत, सांगा?”

“गहू हाय तो!”

“तिकडं असन गहू. दिघोरीत धान हाय.”

“मी म्हटलं होतं ताईले,” साळा दारातून पुटपुटला, “का भाऊजीले समजन.”

“पण तुमच्या घरचा कलदार रुपया होता ना राशीसाठी?” मी म्हटलं, आणि शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय बोललो.

बायकोने आता झारा खाली ठेवला.

“होता. तुमी पाहाले नेला होता. सात साल झाले. अजून पाहूनच राहिले का?”

सकाळपासून मी सगळ्यांवर संशय घेत हिंडलो होतो. एकच माणूस त्यातून सुटला होता.

मग ते सगळं बाहेर आलं. चुरणं झालं की सासऱ्यांच्या खळ्यात धानाची रास घालायची, तिच्यावर कलदार रुपया ठेवून हळद वाहायची आणि मगच पहिली पायली मोजायची, ही त्यांच्या बापाच्या बापापासूनची रीत. सासऱ्यांना आता दिसत नाही. ते अंगठ्याने चाचपून बघतात. पहिली तीन वर्षं या दोघांनी त्यांना काहीबाही सांगून थोपवलं. चौथ्या वर्षी ते म्हणाले, रुपया नाही तर मोजणी नाही. तेव्हा हिने माझी बाई नेली. म्हातारबांनी अंगठा फिरवला, मुखडा लागला, मुकुटासारखं काही लागलं, आणि ते म्हणाले, “चांगला खाल्ला-पेला दिसते रुपया. मोठा झाला.”

गालावरचे ओरखडे त्या अंगठ्याचे आणि धानाच्या कुसाचे होते. चाक अडवलं होतं सासऱ्यांनी.

नाणेवाल्याला फोन केला. तो कलदार केव्हाच गेला होता, कोणाकडे ते त्याला आठवत नव्हतं. किंवा तसं तो म्हणाला. मला त्याचाही संशय आहे.

पुढच्या चुरण्याला मी स्वतः दिघोरीला गेलो. बाईला डबीतून काढलं आणि उघड्या तळहातावर सासऱ्यांपुढे धरलं. कडेने नाही, चांगलं तळहातावर.

“बाबा, हा तुमचा. आता हा इथंच राहीन.”

त्यांनी अंगठा फिरवला. कपाळ, नाक, लोंब्या. मग नखाने टिचकी मारून कानाशी धरला. बराच वेळ ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नाण्याबरोबर माझीही परीक्षा घेत होतं.

“आवाज बदलला याचा,” ते म्हणाले.

त्यांनी रुपया राशीवर ठेवला, हळद वाहिली आणि मुलाला हाक मारली.

“मोज आता. आन् जवाईबुवाले जरा दूर बसव. त्याइले पाहाची लय सवय हाय.”