कॅप्टनच्या कमरेला दोन नारळ

कुरुविला सार, म्हणजे आमचे सर, या वर्षी गेले, एक्क्याऐंशीव्या वर्षी. सरकारी बोटींचे वाहतूक अधिकारी म्हणून त्यांनी तीस वर्षं केरळातल्या आमच्या कुट्टनाडातले कालवे चालवले, असंच आम्ही म्हणायचो. पाणी आपसूक वाहतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. कैतमुक्कच्या धक्क्यावर बोट दोन मिनिटं उशिरा आली, की सार घड्याळाकडे नाही, नदीकडे रागाने बघत.

त्यांना तीन मुली. बायको, शोशाम्मा चेडत्ती, म्हणजे साऱ्या गावाच्या थोरल्या वहिनी, पहाटेच बदकं घेऊन शेताकडे जायच्या, म्हणून तिघींच्या वेण्या सारच घालत. एक वेणी वर, एक खाली. पण शाळेची बोट कधी चुकली नाही. पाण्यात मात्र ते एकदाही उतरले नाहीत. मुली हाका मारायच्या, "अप्पच्चा, मारा ना उडी!"

"पाणी माझं ऑफिस आहे. ऑफिसात कुणी आंघोळ करतं का?"

निवृत्तीच्या वर्षी गावाने त्यांना ओणमच्या शर्यतीतल्या लांब होडीचा कॅप्टन केलं. वल्ही मारायला पन्नास जण, आणि गळ्यात हार घालून, मिशीला पीळ देत मधोमध नुसता उभा राहायला एक, तो कॅप्टन. हा मान नाकारलेला माणूस आमच्याकडे झाला नाही. सार हसतमुखाने हो म्हणाले, घरी आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

"शोशाम्मे, मला पोहता येत नाही."

चेडत्ती नारळ खवत होत्या. हात थांबला नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दिवशी होडीत तुम्ही माझा हात घट्ट धरलात. मला वाटलं, प्रेम. मग बघते तर दुसऱ्या हाताने होडीचा काठ धरलेला."

तीन आठवडे उरले होते. तिन्ही जावई शर्यतीला येणार होते. पाण्याच्या खात्यातला एवढा मोठा अधिकारी आणि पोहता येत नाही, हे त्यांना कळलं तर सार पुन्हा धक्क्यावर तोंड दाखवणार नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून घरामागच्या तळ्यात चेडत्तींची शिकवणी सुरू झाली. आमचं घर कालव्यापलीकडेच, त्यामुळे आवाज सगळे यायचे. चेडत्ती सारांना इच्चाया म्हणायच्या.

"पाय सोडा, इच्चाया."

"सोडलेत."

"मग पायरी कशाला धरलीय?"

"धक्क्याशिवाय बोट लागत नाही, शोशाम्मे."

"तुम्ही बोट नाही! कमरेला दोन सुके नारळ बांधलेत. आपल्या मुली चौथ्या वर्षी याच नारळांवर शिकल्या."

"तेव्हा पाणी उथळ होतं."

तीन आठवड्यांत नारळ उत्तम तरंगू लागले. सार होते तिथेच राहिले. शर्यतीच्या सकाळी लुंगीसारखा पांढरा मुंडू नेसता नेसता त्यांनी हळूच विचारलं, "मुंडूखाली बांधून जाऊ का?"

"जा. कॅप्टनला दिवस गेलेत म्हणतील."

सार नारळांशिवाय उभे राहिले. आणि काय सांगू, राजासारखे उभे राहिले! पाच होड्यांत आमची तिसरी आली. पण पोरांना आनंद असा झाला, की पन्नासच्या पन्नास जण काठावरल्या बायकांना हात दाखवायला एकाच बाजूला झुकले. होडी उलटली.

पन्नास डोकी वर आली. मग हार वर आला. मग हाराखालून सार. त्यांनी उलट्या होडीला मिठी मारली.

"सार, सोडा होडी! चार हात मारले की काठ!"

"मी नाही सोडणार!"

"का हो सार?"

सारांनी एकदा काठावरल्या जावयांकडे पाहिलं. मग बोटीच्या भोंग्यालाही जमला नसता अशा आवाजात ते ओरडले, "मला पोहता येत नाही!"

कुणी हसायच्या आत धपकन आवाज झाला. पांढऱ्याशुभ्र चट्टा-मुंडूत, कानातल्या सोन्याच्या कड्यांसकट, शोशाम्मा चेडत्तींनी काठावरून उडी घेतली होती. बदकीण पोहते तशा त्या सरळ आल्या आणि त्यांनी सारांची कॉलर धरली.

"आता तरी पाय सोडा."

"सोडले," सार म्हणाले. खरंच सोडले होते.

पुढल्या वर्षी गावची मंडळी कॅप्टन ठरवायला कुरुविलांच्या दारात आली. सार झटक्यात उठले, मिशी सारखी केली.

"बसा सार, बसा," मंडळी म्हणाली. "चेडत्ती आहेत का घरात?"

त्या ओणमला चेडत्ती होडीत उभ्या राहिल्या, आणि सार काठावर त्यांचे कोरडे कपडे छातीशी धरून, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगत होते, "ती मधली आहे ना, हार घातलेली, ती आमची."