अक्कांचा अर्ज आणि ‘व्हॅलिडेट’चे बटन

तक्रारदार : मी स्वतः, धुळे जिल्ह्यातील एका तालुका कचेरीबाहेर टेबल मांडून बसणारा अर्जलेखक, शिक्षण नववी, अनुभव दांडगा. पीडित : सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातील एक विधवा अक्का. साक्षीदार : शेजारच्या झेरॉक्स दुकानाचे शेठ. दिवस : गेल्या महिन्यातील सोमवार, निराधार अनुदानाचा अर्ज भरण्याचा अखेरचा.

अर्ज लिहून झाला की तो पक्षकाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा, हा माझा नियम. नामांकित वकिलांसमोरही मी तो मोडलेला नाही. यंदा मात्र अर्ज संगणकावरच भरण्याची सक्ती झाली, म्हणून अक्कांना घेऊन मी शेठच्या दुकानात बसलो. नाव, गाव, पतीच्या मृत्यूचा दाखला, सारे बिनचूक भरले. अखेरीस पडद्यावर बटन उमटले : ‘व्हॅलिडेट अँड प्रोसीड’.

“भाऊ, काय लिखेल शे?” अक्कांनी विचारले.

मी शब्दकोश काढला. शब्द सापडला : कायदेशीर ठरवणे. पण अक्कांचा अर्ज कायदेशीर ठरवणारे आम्ही कोण? ते तर साहेबांचे काम!

“नाना, दाबा ना! सारं जग दाबतं,” शेठ मला म्हणाले.

“दाबल्यावर काय होतं, ते सांगा.”

“पुढचं पान येतं.”

“हा काय अर्थ झाला?”

“तुमलेच समजस नही, मंग मी अंगठा कसाले लावू?” अक्का म्हणाल्या. त्यांचे काय चुकले? न वाचलेल्या कागदावर अंगठा लावल्याने त्यांच्या घरचे शेत एकदा दिराच्या नावे गेलेले आहे.

आमचा असा खल चालला असता पडदा बदलला. ‘सेशन टाइमआउट. इनव्हॅलिड टोकन.’ भरलेले सारे पुसले गेले.

“शेठ, टोकन आपण घेतलंच कुठं?”

“मला काय विचारता? मी झेरॉक्स काढतो!”

पुन्हा भरायला घेतले, तोवर मुदत संपून ते पानच बंद झाले. अक्का पिशवी आवळून एसटीकडे निघाल्या. त्या दिवशी मला दुसरा अर्ज लिहवला नाही.

सबब विनंती की, सोबतचा हस्तलिखित अर्ज, जो मी नंतर अक्कांना वाचून दाखवून त्यावर त्यांचा अंगठा घेतला आहे, मुदतीत आला असे मानून दाखल करून घ्यावा. तसेच ज्यांनी हे शब्द त्या पानावर घातले, त्यांनी त्यांचा अर्थ मराठीत लेखी कळवावा. अक्का दर बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उत्तराची चौकशी करतील, “जबाब उना का, भाऊ?” त्यांना सांगण्याजोगे काही मिळावे.