चार बोटांवरचा हिवाळा

छापखान्यात सगळे त्यांना वर्तुळकाका म्हणत. एकतीस वर्षं शाळेच्या पुस्तकांतल्या आकृत्या काढणारा माणूस. कंपास न घेता, नुसत्या हाताने, एका दमात असं वर्तुळ काढायचे की नव्याने लागलेले लोक त्यावर कंपास ठेवून खात्री करत आणि गप्प बसत. काकांना त्याचा भारी तोरा होता. मधूनमधून ते नम्रपणाचा आव आणत, पण तो काही त्यांना जमत नसे.

गेलं वर्षभर मात्र त्यांचा उजवा हात थरथरत होता. कोणाला कळू नये म्हणून त्यांनी टेबल भिंतीकडे वळवून घेतलं होतं. निवृत्तीला दोन महिने उरले होते. तेवढे निभावले की सुटलो, असं ते रोज स्वतःला बजावत.

त्या दिवशी बाराच्या सुमारास त्यांची लेक थेट टेबलापाशी येऊन उभी राहिली. शिक्षिकेच्या नोकरीसाठी सकाळी तिला परीक्षकांसमोर पाठ घ्यायचा होता. तिचं तोंड पाहूनच काकांना काय ते समजलं.

"काय गं, फसला पाठ?"

"सहावीच्या पुस्तकातलं तुमचं चित्र फळ्यावर काढलं, बाबा. मधे सूर्य, भोवती पृथ्वीची वाट. जवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. परीक्षकांनी विचारलं, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ कधी असते? मी म्हटलं, उन्हाळ्यात. ते म्हणाले, जानेवारीत."

"जानेवारीत? तेव्हा तर आपण कुडकुडत असतो!"

"आणि जगाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तेव्हा उन्हाळा असतो. पृथ्वी कललेली आहे म्हणून ऋतू होतात, जवळ-लांब असण्याने नाही. असंही तेच म्हणाले. मी म्हणाले, पुस्तकातलं चित्र चुकीचं कसं असेल, माझ्या बाबांनीच काढलंय ते." तिचा आवाज चिरकला. "सगळे हसले हो."

काका फडताळाकडे वळले. त्यांनी पुस्तक काढून ते पान उघडलं.

बावीस वर्षांपूर्वी लेखकाने चांगलं वर्तुळच काढून दिलं होतं. पण मजकूर वाढला, चित्राला जेमतेम तीन बोटं उंचीची आडवी पट्टी उरली, आणि वर्तुळ काही त्यात मावेना. मग काकांनी ते दाबून लांबुळकं केलं आणि अक्षरांना जागा हवी म्हणून सूर्य एका टोकाला सरकवला. पुढे कोणीतरी हुशारी करून जवळच्या टोकाला 'उन्हाळा' आणि लांबच्या टोकाला 'हिवाळा' असं लिहून टाकलं, वर तसं सांगणाऱ्या चार ओळीही मजकुरात घातल्या. पान भरलं, सगळे खूश. पान भरलं की या लोकांना दुसरं काही सुचत नाही.

लेकीने चित्रावर बोट आडवं ठेवलं. उन्हाळ्यापासून सूर्य एक बोट. हिवाळ्यापासून चार बोटं.

"चौपट लांब म्हणजे ऊन सोळा पट कमी," ती म्हणाली. "खरं अंतर, परीक्षकांनी सांगितलं, वर्षभरात शंभरात तीन-साडेतीन भागच कमीजास्त होतं. म्हणून समुद्रात पाणी टिकतं, म्हणून काही उगवतं. तुमच्या या पृथ्वीवर दरवर्षी आधी सगळं करपेल आणि मग सगळं गोठेल. माणूस तर सोडाच, गवतसुद्धा जगायचं नाही."

काकांनी त्या वाटेवरून बोट फिरवलं. बावीस वर्षं पोरांनी या वाटेवर बोट फिरवलं होतं. त्यांच्या लेकीनेही फिरवलं होतं, अगदी मैत्रिणींना बोलावून दाखवत.

"यंदाच्या पुस्तकात पण हेच आहे?" तिने विचारलं.

काकांनी घड्याळ पाहिलं. साडेबारा. सहावीचं पुस्तक पावणेएकला मशीनवर चढणार होतं.

ते संपादक बाईंच्या खोलीत धावतच गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"काका, पानं मंजूर झालीत, सह्या झाल्यात. पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

"पुढच्या वर्षी मी नसेन."

"म्हणूनच सांगते. जाता जाता कशाला नसतं झेंगट मागे लावून घेता? चौकशी लागली तर बावीस वर्षांची चूक तुमच्याच माथी मारतील."

"मारू देत. माझीच आहे."

"बरं, थांबवलं मशीन. नवीन चित्र काढणार कोण?" बाईंनी आवाज खाली आणला. "तुमचा हात मला दिसत नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

काकांनी हात पटकन पाठीमागे घेतला. म्हणजे हिला माहीत होतं. वर्षभर अवघड चित्रं दुसऱ्यांच्या टेबलावर जात होती ती उगाच नव्हे. त्यांना रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, कोणाचा ते कळेना. तेवढ्यात पायाखालची फरशी हादरू लागली. खाली मशीन सुरू झालं होतं.

काका तडक जिना उतरले. मशीनवर पैलवान होता. हा पैलवान इतका काटकुळा की कागदाच्या वाऱ्याने उडेल. तो काहीतरी ओरडला, पण ऐकू कसलं येतंय. मोठाले कागद भराभर येऊन पडत होते आणि प्रत्येकावर तीच लांबुळकी वाट होती. काकांनी हात लांब केला आणि लाल बटण दाबलं.

शांतता झाली तशी सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

"काका, डोकं फिरलं का तुमचं?" पैलवान म्हणाला.

"आत्ता कुठे जागेवर आलंय. कागद दे एक."

बाई मागोमाग खाली आल्या होत्या आणि लेकही. काका सर्वांच्या देखत मशीनशेजारच्या टेबलाशी बसले. या वेळी पाठीशी भिंत होती आणि तोंड लोकांकडे. त्यांनी पेन्सिल टेकवली. पहिलं वर्तुळ वाकडंतिकडं आलं. दुसरं जुळलंच नाही. तिसऱ्या वेळी पेन्सिलच हातातून निसटली. कोणी हसलं नाही, आणि तेच काकांना जास्त लागलं.

शेजारी पैलवानाचा अर्धा चहा होता. काकांनी तो पिऊन टाकला, पेला सदऱ्याला पुसला, कागदावर पालथा घातला, डाव्या हाताने घट्ट दाबला आणि कडेकडेने पेन्सिल फिरवली. वर्तुळकाकांनी पेला वापरला! सूर्य जवळजवळ मधोमध ठेवला. वाटेवर चार ठिकाणी पृथ्वी काढली, चारही वेळा एकाच बाजूला कललेली.

"पट्टीत मावत नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी लाल पेन काढलं, जवळ आल्याने उन्हाळा होतो त्या चार ओळींवर काट मारली आणि खाली सही केली. काकांनी त्याच सहीखाली आपली सही केली. ती थरथरत आली. थरथर जाणार कुठे?

तासाभराने नवा कागद मशीनमधून आला. काकांनी तो लेकीच्या हातात दिला. तिने सूर्यापासून बोटं आडवी ठेवत मोजलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. सगळीकडे दोन बोटं.

"परत बोलावतील का गं तुला?"

"पुढच्या वर्षी. तेव्हा हेच काढीन फळ्यावर."

"चित्र कोणाचं ते सांगू नकोस मात्र."

"का नको? सांगणार ना," ती म्हणाली. "दोन्ही चित्रं बाबांनीच काढलीत म्हणून."

काकांनी मान हलवली आणि पैलवानाचा पेला विसळायला नळावर गेले.