हमीदाखाला आणि प्लास्टिकचे सैनिक

हमीदाखाला आज पहाटे गेल्या.

आणि त्यांच्या आवडत्या गेमला मी दिलेले दहापैकी सात मार्क मी आजही कमी करणार नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं.

खाला म्हणजे धरणगावला आमच्या शेजारच्या. माझ्या मैत्रिणीची, शकीलाची अम्मी. रजया शिवायच्या. घरात हिंदी बोलायच्या, गल्लीत आमच्याशी अहिराणी.

आम्ही दोघी नववीत होतो तेव्हा शकीलाच्या भुसावळच्या मामांनी त्यांचा जुना गेम कन्सोल तिला दिला. उलटा ठेवला तरच सीडी फिरायची.

सीडी एकच होती. खेळण्यातल्या हिरव्या प्लास्टिकच्या सैनिकांची.

आपण त्यातला एक सैनिक, दोन बोटांएवढा. शत्रू मातकट रंगाचे. लढाई कधी बागेत, कधी पलंगाखाली, कधी किचनमध्ये. आग लागली की सैनिक वितळायचे.

किचनच्या लेव्हलला आम्ही अडकलो. आठवडाभर नुसत्या मरत होतो. शेवटी शकीलाने कंट्रोलर आपटला.

खाला मागे बसून टाके घालत होत्या. त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली.

"आन आठे," म्हणाल्या. इकडे आण.

पहिल्या दिवशी त्या आमच्यापेक्षा जास्त वेळा मेल्या. दुसऱ्या दिवशी बेसिनपर्यंत पोचल्या. मग रोज दुपारची नमाज झाली की तासभर खाला आणि टीव्ही. आम्ही दोघी बाजूला बसून "डावीकडे, डावीकडे!" म्हणून ओरडायचो.

गल्लीतल्या बायका दारातून बघायच्या. एकीने विचारलं, "हमीदा, या वयात बंदूक चालवते का?"

खालांनी मान वळवली नाही. "चालाडस. तुना नंबर उना का सांगसू." तुझा नंबर आला की सांगेन.

पावसाळा संपायच्या आत त्यांनी तो गेम पूर्ण केला. सगळा. आम्हाला दोघींना तो कधीच जमला नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही.

मी पुण्याला आले, गेम रिव्ह्यूचं चॅनल काढलं. एकदा 'सगळ्यात भंगार जुने गेम' असा व्हिडिओ केला आणि त्यात हा गेम घातला. जगभरच्या समीक्षकांनी तो तेव्हाच झोडपला होता. कॅमेरा भिंतीत शिरतो, नेम लागत नाही, सैनिक गोगलगाईसारखा चालतो. मीही तेच म्हटलं. तीन मार्क दिले.

वर एक वाक्य टाकलं. "हा गेम ज्याला आवडला, त्याने आयुष्यात दुसरा गेम बघितलाच नसणार."

लोक खूप हसले. आमच्या गल्लीत एका बाईने तो पूर्ण केला होता, हे मी सांगितलं नाही. लाज वाटली. खालांची नाही, धरणगावची. एकाच सीडीवर वाढल्याची.

व्हिडिओ बघून दोन दिवसांनी खालांचा फोन आला.

"मनू, तुना व्हिडिओ दखा. माले दुसरा गेम माहीतच नव्हता, ते बराबर शे."

खालांनी लगेच पुढे विचारलं,

"पण या टाईमले कितला खेळनी तू?"

"वीस मिनिटं, खाला."

"वीस मिनिटमा रजईना एक कोपरा बी व्हस नही. आठे ये."

मी गेले. कन्सोल अजून चालू होता. खालांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. तरी त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि किचनची लेव्हल लावली.

मी पळत होते तिथे त्या थांबल्या. साबणाच्या वडीमागे उभ्या राहिल्या. आधी वळायचं, मग बघायचं, मग एक गोळी.

"हाऊ पयाना गेम नही शे," त्या म्हणाल्या. हा पळायचा गेम नाही. "तू आठे दोन बोटंनी शेस. दोन बोटंना माणूस जपीसनच चालस." दोन बोटांएवढा माणूस जपूनच चालतो.

इतक्या समीक्षकांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. मला तर नाहीच.

मी विचारलं, "मग दहापैकी किती देऊ?"

त्यांनी खरंच विचार केला. "सात. कॅमेरा खराबच शे."

मी नवीन व्हिडिओ केला. जुना काढला नाही, माझा मूर्खपणा तसाच राहू दिला. नव्या व्हिडिओत खालांचं म्हणणं त्यांच्या नावाने सांगितलं आणि सात मार्क दिले.

कमेंटमध्ये तुटून पडले. "शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून रेटिंग बदललं?"

हो. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून. तुम्ही तो शेवटपर्यंत खेळलात का? त्या खेळल्या होत्या.

त्यानंतर मी त्यांना एक मोठा, सगळीकडे गाजलेला गेम नेऊन दिला. डोंगर, पाऊस, घोडे, सगळं खऱ्यासारखं. खालांनी चार दिवस खेळून शकीलाला फोन लावायला सांगितला.

"भलता भारी शे. पण बठ्ठं तोच करस. मी काय करू?" सगळं तो गेमच करतो, म्हणे.

त्यावरही व्हिडिओ केला. त्यालाही शिव्या खाल्ल्या. खुशाल.

आज पहाटे शकीलाचा फोन आला. "अम्मी गेली," म्हणाली. मग, "असरच्या नमाजनंतर दफन आहे. तू रडत येऊ नको हं. अम्मीला कोणी रडलेलं आवडायचं नाही."

पुण्याहून तशीच निघाले. आता जळगावहून धरणगावच्या बसमध्ये बसलेय. पाळधी मागे पडली. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

खाला, तुमचं सगळं ऐकलं. हे एक ऐकणार नाही. रडतच येणार.

सलाम, खाला.

तुमची मनू